घराचा पंचनामा

भाड्याचे घर, अनामत रक्कम आणि पहिल्या दिवसाची यादी

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वसाहत तेथील नंदीच्या देवळावरून ओळखली जाते. एकाच पाषाणातून घडविलेला तो प्रचंड नंदी, त्याच्या शेजारची ब्यूगल रॉक नावाची खडकाळ टेकडी, गांधी बझारातील फुलांची व भाजीची दुकाने, आणि कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, म्हणजेच ‘कडलेकायी परिषे’, ह्यांमुळे ह्या भागास आपला असा एक तोंडवळा लाभला आहे. १८९८ साली बंगळुरात प्लेगने कहर केला, त्या काळात मोकळ्या हवेच्या आणि रुंद रस्त्यांच्या ज्या नव्या वसाहती आकारास आल्या, त्यांत मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी ह्या प्रमुख होत.

मराठी माणसास हा परिसर परका नाही. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. जवळच्या गविपुरम् भागातील गोसायी मठ मराठा समाजाचा म्हणून ओळखला जातो. कन्नड साहित्यातील थोर पुरुष डी. व्ही. गुंडप्पा ह्यांनी १९४५ साली ह्याच परिसरात लोकशिक्षणासाठी जी संस्था उभारली, तिला त्यांनी नामदार गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे नाव दिले. आजही पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथून नोकरीनिमित्त बंगळुरास जाणाऱ्या कुटुंबांपैकी काहींची पावले देवळे, शाळा आणि बाजार हाताशी असलेल्या ह्या जुन्या वस्तीकडे वळतात. फाटकावर ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे ‘घर भाड्याने देणे आहे’, अशी पाटी दिसते. मालकांची भेट होते. घर मनास येते. आणि मग तो आकडा कानी पडतो, ज्याने नवख्या गृहस्थाची छाती दडपते. तो आकडा भाड्याचा नसतो, अनामत रकमेचा असतो.

दहा महिन्यांचा ‘ॲडव्हान्स’

बंगळुरात अनामत रकमेस सर्रास ‘ॲडव्हान्स’ असे म्हणतात, आणि दहा महिन्यांच्या भाड्याइतका ॲडव्हान्स घेण्याची प्रथा तेथे दीर्घकाळ चालत आली आहे. अलीकडे काही ठिकाणी पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते. तथापि दहाचा आकडा अद्याप लोकांच्या तोंडी आहे. पुण्या-मुंबईकडील कुटुंबास ह्या प्रथेचा धक्का बसतो तो ह्यामुळेच.

उदाहरणादाखल एक साधा हिशेब मांडू. घराचे मासिक भाडे २५,००० रुपये आहे असे समजा. दहा महिन्यांचा ॲडव्हान्स झाला अडीच लाख रुपये. ही रक्कम बँकेत शेकडा सहा दराने ठेवली असती, तर वर्षाकाठी पंधरा हजार रुपये व्याज आले असते. तीन वर्षांत ते पंचेचाळीस हजार झाले असते. हा तोटा भाडेकरू मुकाट्याने सोसतो, कारण मुद्दल सुखरूप परत मिळेल असा त्याचा भरवसा असतो. मध्यमवर्गीय संसारात अडीच लाख रुपये ही किरकोळ बाब नव्हे. मुलाच्या शिक्षणाची, आईवडिलांच्या दुखण्याची अथवा पुढच्या गावी घर घेण्याची सोय त्या रकमेत अडकलेली असते. बदलीचा हुकूम आला, की जुन्या घराची अनामत हाती येण्यापूर्वीच नव्या घराची अनामत भरावी लागते. त्या दोन-चार आठवड्यांत किती ओढाताण होते, हे ज्याने अनुभवले तोच जाणे.

ह्या व्यवहाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बसवनगुडीत आजही अनेक ठिकाणी मालक खाली अथवा वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षक, पेन्शनवर जगणारे वृद्ध जोडपे, एकटी राहणारी विधवा, अशांपैकी कित्येकांचा चरितार्थ त्या भाड्यावर चालतो. घेतलेली अनामत घराच्या दुरुस्तीत किंवा मुलीच्या लग्नात खर्च झालेली असते. नवा भाडेकरू आला, त्याचा ॲडव्हान्स हाती पडला, म्हणजे त्यातून जुन्याचे पैसे द्यावयाचे, अशी ही साखळी चालते. त्यामुळे घर सोडताना वाद निघाला तर दोन्ही पक्ष अडचणीत असतात, आणि अडचणीत सापडलेली माणसे एरवी सज्जन असली तरी कठोर होतात.

वाद कशावरून होतो?

घर सोडण्याच्या दिवशी निघणाऱ्या तक्रारी ऐकल्या, तर त्यांत एक साम्य आढळते. स्वयंपाकघरातील कडप्प्यास तडा आहे. तो आधीच होता की नंतर गेला? न्हाणीघरातील गीझर तापत नाही. तो चालू स्थितीत मिळाला होता काय? कपाटाची एक किल्ली कमी आहे. मुळात किल्ल्या दोन होत्या की तीन? दिवाणखान्याच्या लाल जमिनीवर ओरखडे आहेत. ते कोणाच्या पलंगाचे? भाडेकरू म्हणतो, “हे पूर्वीचेच आहे.” मालक म्हणतात, “आम्ही घर दिले तेव्हा असे नव्हते.” बहुधा दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतात. तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारी, सामानाच्या गोंधळात, उघड्या दारातून घाईघाईने पाहिलेली भिंत कोणास नेमकी आठवणार?

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये असे सांगितले आहे की, उभयतांत निराळा करार नसेल तर, भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूने मिळकत ताब्यात घेतेवेळी होती तितक्याच चांगल्या स्थितीत परत करावी; वाजवी वापराने होणारी झीज आणि ज्यापुढे माणसाचे काही चालत नाही अशा आपत्तीने झालेले बदल तेवढे वगळावे. म्हणजे सारा भार ‘ताब्यात घेतेवेळी होती तितक्या’ ह्या शब्दांवर येऊन पडतो. परंतु ती स्थिती कोणी आणि कशी नोंदवावी, हे ते कलम सांगत नाही. ती नोंद नसेल तर कायद्याचे माप हाती असूनही मोजावे कशापासून, हेच कळत नाही.

कर्नाटकात १९९९ चा भाडे कायदा आहे. परंतु बंगळुरात दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना तो लागू होत नाही. आजच्या भाड्यांचा विचार करता बसवनगुडीतील बहुतेक घरे त्यामुळे त्याच्या कक्षेबाहेर राहतात, आणि उभयतांचा लेखी करार हाच खरा आधार उरतो. हे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात. त्यामागील कारण असे की, १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ह्या करारांच्या शेवटी ‘परिशिष्ट’ म्हणून चार ओळी असतात : पंखे चार, दिवे सहा, गीझर एक. वस्तूंची संख्या एवढीच नोंद. त्यांच्या स्थितीविषयी अक्षरही नसते.

महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदविला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ही तरतूद मोलाची आहे. परंतु करार नोंदविला म्हणून भिंतीवरचा ओलावा आपोआप नोंदविला जात नाही. तेव्हा बसवनगुडीत असो वा सदाशिव पेठेत, प्रश्न तोच राहतो.

इतर देशांतील व्यवस्था

हा प्रश्न इतर देशांनी कसा सोडविला, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १९७७ साली कायदा करून अनामत रकमा सांभाळण्यासाठी सरकारी मंडळ स्थापन केले. तेथे रक्कम मालकाच्या खिशात न जाता त्या मंडळाकडे जमा होते. घर देताना मालक त्याच्या स्थितीचा अहवाल लिहून देतो, आणि भाडेकरूने सात दिवसांच्या आत त्यात आपली भर घालून प्रत परत करावयाची असते. सात दिवसांची ही सवड फार विचारपूर्वक ठेवलेली आहे. कारण नळ गळतो, दार अडते, सांडपाणी तुंबते, हे घरात राहू लागल्यावरच समजते.

फ्रान्समध्ये ६ जुलै १९८९ च्या कायद्यानुसार घरात प्रवेश करताना आणि घर सोडताना स्थितीची नोंद होते. दोन्ही नोंदी जुळल्या तर अनामत एका महिन्यात परत करावी लागते. न जुळल्यास दोन महिन्यांची मुदत असते. मालक आणि भाडेकरू ह्यांचे सामोपचाराने जमले नाही, तर आपल्याकडील बेलिफासारख्या एका अधिकाऱ्यास पाचारण करता येते, आणि त्याचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा सोसावयाचा असतो.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून अनामत संरक्षणाची सक्ती झाली. मालकाने रक्कम मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत ती मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित केली पाहिजे. न केल्यास अनामतीच्या एक ते तीन पट दंड भाडेकरूस द्यावा लागू शकतो. २०१९ पासून सामान्य घरांसाठी अनामतीची मर्यादाही पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी करण्यात आली आहे. परंतु ह्या योजनेतील सर्वांत मोठी शिकवण दंडात नाही, पुराव्यात आहे. वाद निघाला तर योजनेचा निवाडा करणारा अधिकारी असे धरून चालतो की, पैसा भाडेकरूचा आहे. त्यातून काही कापावयाचे असेल तर ते मालकाने सिद्ध करावे. आरंभीची यादी नसेल तर मालकाचा रास्त दावाही टिकत नाही. ह्याच कारणामुळे तेथे घरांच्या याद्या करून देणारा एक स्वतंत्र व्यवसायच वाढीस लागला. हा यादीकार घरातून हिंडून, प्रत्येक खोलीची, प्रत्येक वस्तूची स्थिती लिहितो आणि छायाचित्रे काढतो. घर रिकामे होताना तो पुन्हा येतो आणि जुन्या यादीशी ताडून पाहतो. त्याचे शुल्क ठरलेले असते. अनामतीतून कोणास किती मिळते, ह्याच्याशी त्याचा संबंध नसतो. हेच त्याचे मोल आहे.

आपल्या देशात केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्यास संमती दिली. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, आणि घराचा ताबा परत घेतेवेळीच वाजवी वजावट करून ती परत करावी, असे त्यात सुचविले आहे. मात्र हा केवळ नमुना आहे. तो स्वीकारावयाचा की नाही, हे राज्यांनी ठरवावयाचे असते. तरीही त्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील कामाची वाटणी कोणत्याही करारात उतरवून घेण्याजोगी आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाच्या वाहिन्या आणि विजेच्या तारा ही कामे मालकाची. नळाचे वायसर बदलणे, मोरी साफ ठेवणे, गीझर, बटणे, कुलपे, खिडक्यांच्या काचा ह्यांची दुरुस्ती भाडेकरूची.

पंच आपल्याकडेही आहेत

स्वतंत्र यादीकाराची ही कल्पना ऐकून वाचकांस ती विलायती वाटेल. परंतु मराठी मनास ती मुळीच नवी नाही. पंचनामा हा शब्द आपल्या लहान मुलांसही ठाऊक असतो. झडती घेताना त्या भागातील दोन अथवा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांस साक्षीस बोलवावे, सापडलेल्या वस्तूंची यादी करावी आणि तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या, हा आपल्या फौजदारी कायद्याचा जुना दंडक आहे. पाहणाऱ्याचा व्यवहारात स्वार्थ नसावा, आणि पाहिलेले तेथल्या तेथे लिहावे, ही त्यामागील दोन तत्त्वे. लग्नात देण्याघेण्याच्या याद्या करणारा आपला समाज अडीच लाख रुपये देताना मात्र ‘एवढा काय अविश्वास दाखवायचा!’ म्हणून संकोचतो, हे नवलच म्हणावयाचे.

मग पंच कोणास करावे? दलालास करू नये. दलालाची दलाली सौदा पुरा होण्यावर अवलंबून असते. त्याचे लक्ष ओलाव्याच्या डागाकडे जाणार नाही. मालकांचे आप्त किंवा भाडेकरूचे कचेरीतील मित्र हेही टाळावे. इमारतीच्या रहिवासी संघाचे चिटणीस, शेजारच्या गल्लीतील निवृत्त अभियंता, अथवा उभयतांस मान्य असलेला अनुभवी सुतार वा वायरमन ही योग्य माणसे होत. पैसे देऊन हे काम करून घ्यावयाचे असेल तर शुल्क दोघांनी सारखे द्यावे, म्हणजे पंच कोणा एकाचा मिंधा राहत नाही. दुपारच्या दोन-तीन तासांचे हे काम आहे. दहा महिन्यांच्या भाड्यापुढे त्याचा खर्च काहीच नव्हे.

यादी कशी करावी?

यादी सामान आत येण्यापूर्वी, रिकाम्या घरात, दिवसाच्या उजेडात करावी. मुख्य दारापासून आरंभ करावा आणि प्रत्येक खोलीत उजव्या हाताने फिरत जावे. प्रथम छत, मग भिंती, मग दारे-खिडक्या, मग जमीन आणि शेवटी वस्तू, असा क्रम ठेवावा. क्रम असला म्हणजे काही सुटत नाही.

‘चांगले’, ‘ठीक’, ‘जुने’ असे शब्द यादीत निरुपयोगी होत. ‘दार चांगले आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘सागवानी दार, पितळी कडी शाबूत, आतल्या बाजूस खालच्या कोपऱ्यात चार बोटे लांब ओरखडा’ असे लिहावे. बसवनगुडीच्या जुन्या घरांत पुढील छपरावर लाकडी टोकदार झडप असते, तिला तेथे ‘मंकी टॉप’ म्हणतात. रेड ऑक्साइडची तुळतुळीत लाल जमीन असते. ह्या जमिनीस ओरखडा पडला तर ठिगळाचा रंग मूळ रंगाशी सहसा जुळत नाही. म्हणून तिची नोंद विशेष काळजीने व्हावी. ह्यात मालकांचे हित अधिक आहे.

प्रत्येक पंखा, दिवा, बटण आणि नळ चालवून पाहावा. गीझर तापेपर्यंत थांबावे. कूपनलिकेच्या जड पाण्याने गीझरात क्षार साचतात; तो केव्हा साफ केला होता, हे विचारून लिहावे. गच्चीवर सौर तापक असेल तर त्याचे पाणी कोणत्या नळास येते तेही पाहावे. जमिनीखालची टाकी, जिला बंगळुरात ‘संप’ म्हणतात, तिची आणि पंपाची स्थिती लिहावी. बेस्कॉमच्या वीजमीटरवरील आकडा, त्याचा आर. आर. क्रमांक, आणि पाण्याचा स्वतंत्र मीटर असल्यास त्याचाही आकडा टिपावा. मागील बिले चुकती झाल्याची खात्री त्याच वेळी करून घ्यावी. किल्ल्या मोजाव्या आणि कोणत्या कुलपास किती, हे लिहावे.

एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे ऋतू. मार्च महिन्यात घर घेतले तर भिंत कोरडी दिसते. पावसाळ्यात तीच भिंत पाझरते. तेव्हा यादीच्या शेवटी असे एक वाक्य घालावे की, पहिल्या पावसात जो ओलावा वा गळती दिसेल ती आठ दिवसांत कळवून यादीस जोडली जाईल. न्यू साउथ वेल्समधील सात दिवसांच्या सवडीप्रमाणे राहावयास आल्यावर आठवडाभरात आढळलेल्या दोषांसाठीही अशीच जागा ठेवावी.

छायाचित्रे अवश्य काढावी. पण प्रथम संपूर्ण भिंतीचे, मग डागाचे जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. नुसत्या डागाचे चित्र पाहून तो कोणत्या खोलीतला हे पुढे कोणासच सांगता येत नाही. ही चित्रे त्याच दिवशी दोघांस पाठवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना कलम ६३ अन्वये प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ चित्रे पुसून टाकू नयेत.

भाषेचाही विचार व्हावा. मालक कन्नड आणि भाडेकरू मराठी असतील, तर दोघांस वाचता येईल अशा भाषेत यादी असावी, किंवा प्रत्येक नोंद दोन भाषांत असावी. हे वाटते तितके अवघड नाही. आपली खिडकी कन्नडमध्ये ‘किटकी’ आहे आणि आपला नळ तेथे ‘नल्ली’ आहे. दार मात्र ‘बागिलु’ आणि भिंत ‘गोडे’. यादी करता करता नव्या शेजाऱ्यांशी ओळखही होते. यादीच्या दोन प्रती कराव्या, प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या घ्याव्या, आणि ‘ही यादी कराराचा भाग आहे’ असे करारात स्पष्ट लिहावे.

झीज आणि नुकसान

शेवटच्या दिवशी दुसऱ्यांदा घर पाहताना झीज कोणती आणि नुकसान कोणते, हा विवेक करावा लागतो. तीन वर्षांत भिंतीचा रंग फिका होणे, जमिनीची चकाकी कमी होणे, दाराची बिजागरी सैल होणे ही झीज होय. ती भाड्यातच आली. भिंतीत पाडलेली भोके, फुटलेली काच, गरम भांडे ठेवून जाळलेला ओट्याचा पत्रा हे नुकसान होय. ते भाडेकरूने भरून द्यावे.

परंतु भरून देताना जुन्याच्या जागी नव्याची किंमत मागणे न्यायाचे नाही. समजा, बारा हजारांच्या एका वस्तूचे आयुष्य आठ वर्षांचे आहे, आणि ती सहा वर्षे वापरल्यावर भाडेकरूच्या हातून मोडली. उरलेली वर्षे दोन. म्हणजे एकचतुर्थांश आयुष्य. भरपाई तीन हजार व्हावी, बारा हजार नव्हे. ह्यासाठी यादीत वस्तूचे वय लिहिलेले असावे लागते.

बंगळुरात आणखी एक प्रथा आहे. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे अनामतीतून वळते करावे, अशी अट अनेक करारांत असते. ही अट मान्य करावयाची की नाही, हे सही करण्यापूर्वीच ठरवावे. मान्य केली असेल, तर भिंतीवरील डागांसाठी पुन्हा निराळी वजावट होऊ नये, हे त्याच वाक्यात लिहून घ्यावे. नाहीतर एकाच भिंतीचे पैसे दोनदा जातात.

अनामत केव्हा परत करावयाची, ह्याची निश्चित तारीख करारात असावी. ‘घर सोडल्यावर’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. ‘किल्ल्या परत दिल्याच्या दिवशी’ अथवा ‘त्यानंतर सात दिवसांत’ असे असावे. वजावट कलमवार, पावत्यांसह दाखवावी. अनामत बँकेमार्फतच द्यावी. काही भाडेकरू परत मिळण्याची धास्ती वाटून अखेरचे दोन-तीन महिने भाडेच थांबवतात. असे केल्याने मालकांची सुरक्षितता नाहीशी होते आणि चांगल्या संबंधांत विष कालवले जाते.

‘भोग्य’ विषयी सावधगिरी

बंगळुरात भाड्याखेरीज ‘भोग्य’ नावाची एक पद्धत आहे. व्यवहारात तिला ‘लीज’ असेही म्हणतात. तीत मासिक भाडे नसते. काही लाख रुपये एकरकमी द्यावयाचे, दोन-तीन वर्षे राहावयाचे आणि जाताना संपूर्ण रक्कम परत घ्यावयाची. दक्षिण कोरियातही ह्याच प्रकारची ‘जोन्से’ नावाची पद्धत रूढ आहे. येथे अनामत हेच सर्वस्व असते, म्हणून धोकाही मोठा. घर आधीच बँकेकडे गहाण असेल तर रक्कम अडकून पडण्याचे भय असते. असा व्यवहार करण्यापूर्वी उपनिबंधक कचेरीतून मिळकतीवरील बोजाचा दाखला काढावा, आणि करार नोंदविल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

एवढे करूनही मतभेद झालाच, तर प्रथम दोन्ही याद्या पंचांपुढे ठेवाव्या. तेथे न मिटल्यास पोहोच मिळेल अशा टपालाने लेखी मागणी करावी. त्यानंतर जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीही तडजोड घडवून आणता येते. तिला न्यायशुल्क लागत नाही, आणि तिच्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. मात्र तेथेही पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की, घर दिले त्या दिवशी ते कसे होते?

त्या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर सोपविणे दोघांसही महाग पडते. मालकांनी यादी मागणाऱ्या भाडेकरूस संशयी समजू नये, आणि भाडेकरूने यादी करणाऱ्या मालकांस कजाग म्हणू नये. ज्या घरात पहिल्या दिवशी तिघांनी मिळून भिंती पाहिल्या, नळ उघडले आणि किल्ल्या मोजल्या, त्या घरातून शेवटच्या दिवशी निघताना हिशेबास अर्धा तास पुरतो. उरलेला वेळ निरोपासाठी मोकळा राहतो.